आत्याचा शोषखड्डा आणि जमिनीखालचं चौल

तर झालं असं. गेल्या शनिवारी सकाळी पनवेलहून गडबला घरी येत होते. (पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. आता नोकरीला लागूनही बरीच वर्षं झाली. रस्त्याबद्दल एवढंच.) वडखळ सोडलं आणि गाडी नेहमीप्रमाणे तुंबली. कडेला नारिंगी जॅकेट घातलेली दोन पोरं एक छोटी चाकांची गाडी ढकलत होती. लांबून वाटलं गवत कापायचं मशीन असेल. पण गवत कुठे होतं तिथे, नुसती खडी! काच खाली करून विचारलं.

"केबल बघतोय मॅडम. उद्या इथे खोदायचंय, कुणाची केबल तुटली तर आमच्या नावाने बिल येतं."

गाडीच्या हँडलवर एक स्क्रीन होता आणि त्यात करड्या पट्ट्या सरकत होत्या. मधेच एखादी उलट्या वाटीसारखी रेघ यायची. पोरगा थांबायचा, जमिनीवर चुन्याने फुली मारायचा आणि पुढे जायचा. याला जीपीआर म्हणतात, म्हणजे जमिनीत रेडिओलहर सोडून तिचा परतीचा ठोका ऐकणारं रडार. आपल्या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगायचं तर जमिनीला केलेलं पिंग! उत्तर किती नॅनोसेकंदांनी आलं त्यावरून वस्तू किती खोल आहे ते कळतं. गाडी वस्तूकडे येते, तिच्यावरून जाते, पुढे निघते, त्यात अंतर आधी कमी होतं मग वाढतं. म्हणून ती उलटी वाटी दिसते.

मला फार मजा वाटली. मजा दुपारपर्यंत टिकली.

दुपारी आत्याकडे रेवदंड्याला गेले. आत्याची वाडी कोटाच्या आत आहे. माड, पोफळी, विहीर, पाट, सगळं जसंच्या तसं. मागच्या अंगाला एका जुन्या फिरंगी चर्चची भिंत उभी आहे, तिच्यावर आता वडाचं झाड आहे. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. आत्याने यंदा पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात. खोल्या म्हणजे दोन संडास आले, संडास म्हणजे शोषखड्डा आला. चार फुटांवर पहार खणकन वाजली. चुन्यात बांधलेली भिंत, घडीव दगड, जवळजवळ दोन हात रुंद. गड्यांनी दोन दिवस खपून फोडून काढली. दगड आता नव्या खोल्यांच्या पायऱ्यांना लागलेत आणि दिसतात खरंच छान. मातीत निळ्या नक्षीचे पांढरे तुकडे निघाले, ते आत्याने तुळशीच्या कठड्याला लावून टाकले.

मी म्हटलं, "अगं आत्या, थांबायचंस ना! निदान फोटो काढायचास."

"आणि संडास कुठे बांधू, तुझ्या फोटोत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत येताना वडखळपर्यंत तेच डोक्यात फिरत राहिलं. दोन वर्षांपूर्वी पुरलेल्या केबलसाठी खोदण्याआधी रडार फिरतं आणि चारशे वर्षांच्या भिंतीसाठी पहार हेच रडार! कारण अगदी सोपं आहे. केबल तोडली की बिल येतं. भिंत तोडली की पायरी होते.

आता "एका चर्चच्या मागची एक भिंत, एवढं काय" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. थोडाच, घाबरू नका.

चौल-रेवदंडा हे आजच्या हिशोबाने वीकएंडचं ठिकाण असलं तरी जवळजवळ दोन हजार वर्षं बंदर होतं. ग्रीक लेखक त्याला सिमुल्ला की सिमिल्ला असं काहीतरी म्हणतात, अरब सैमूर म्हणतात. अल-मसूदी दहाव्या शतकात इथे येऊन गेला. रशियाचा अफानासी निकितिन पंधराव्या शतकात घोडा घेऊन इथेच उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. १५०८ साली चौलच्या खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीज आरमार हरलं आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिथे मारला गेला. १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला पाय रोवला, १५७०-७१ चा निजामशाही वेढा त्यांनी परतवला आणि १७४० मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं. मधल्या दोनशे वर्षांत कोटाच्या आत एक आख्खं शहर होतं: फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट यांचे मठ आणि चर्च, इस्पितळ, गल्ल्या, घरं, वखारी. आज काय दिसतं? सातखणी बुरूज (म्हणजे सेंट बार्बरा चर्चचा मनोरा, नाव सात खणांचं पण सातही शिल्लक नाहीत), एक-दोन कमानी, काही भिंती, तट. बाकी माड.

बाकीचं शहर उडून गेलं नाही. चर्चला उंच मनोरे आणि जाड भिंती असतात म्हणून ती उभी राहिली. घरांचे दगड लोकांनी नेले, पण पाये कोण उपटून नेतो? पाये, फरशा, विहिरी, गटारं, चर्चच्या आवारातल्या कबरी, सगळं चर्चच्या भोवती, वाडीच्या मातीत, दोन-चार-सहा फुटांवर आहे. चर्च हा फक्त वर आलेला शेंडा आहे.

जुन्या गोव्याला गेला असाल तर हे डोळ्यांनी बघितलंय तुम्ही, फक्त लक्षात आलं नसेल. बासिलिका आणि से कॅथेड्रलच्या मधली ती सुंदर हिरवळ, जिथे आपण सगळे फोटो काढतो, ती काय आहे? ते शहर आहे. साथींनी माणसं पळाली, १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली, घरांचे दगड नव्या बांधकामांना गेले. मग चर्चना १९८६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि शहरावर स्प्रिंकलर लागले. त्याच जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठात काय निघालं ते आठवा. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला मारली गेली, तिच्या अस्थी ऑगस्टिनियन साधूंनी गोव्याला आणल्या. कागदपत्रांत ठेवल्याची जागा लिहिलेली होती. चर्चची कमान १८४२ मध्ये कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला, आणि सगळं ढिगाऱ्याखाली. पुरातत्त्व खात्याने ढिगारा नीट उपसला, हाडं मिळाली, हैदराबादच्या सीसीएमबीने डीएनए तपासला आणि २०२१ मध्ये भारताने त्यातला अंश जॉर्जियाला भेट दिला. एका देशाची राणी चर्चच्या ढिगाऱ्याखाली होती! तिथे कुणी मधल्या काळात शोषखड्डा काढला असता तर?

आता कायदा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम निषिद्ध, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. २०१० च्या दुरुस्तीने हे पक्कं झालं. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण हा मोजपट्टीचा शून्य कुठे धरला ते बघा. संरक्षित हद्द कुठली, तर कोणे एके काळी एखाद्या अधिकाऱ्याला जे उभं दिसलं त्याच्या भोवतीची. जमिनीखाली काय आहे हे कुणी बघितलंच नव्हतं, मग रेघ त्यानुसार कशी पडणार? परिणाम दोन, आणि दोन्ही वाईट. रेघेच्या आत ज्याच्या मातीत काहीही नाही त्यालाही शौचालयाला परवानगीसाठी हेलपाटे. आणि रेघेच्या बाहेर आख्खी गल्ली पुरलेली असली तरी जेसीबीला रान मोकळं. प्रोग्रामरच्या भाषेत, इनपुट न तपासता लिहिलेली कंडिशन. चुकणारच.

यावर उपाय म्हणून मी कुठलं परग्रहावरचं तंत्रज्ञान मागत नाहीये. गडबच्या रस्त्यावर दोन पोरं ढकलत होती तेच मागतेय. आणि त्याची दोन-तीन भावंडं.

रेवदंड्याची जमीन या कामाला वाईट नाही. वर समुद्रकाठची रेती, आत काळ्या बेसॉल्टच्या चुन्यातल्या भिंती. कोरड्या रेतीत रडार छान चालतं, दगड आणि रेती यांच्या सीमेवरून लहर ठणठणीत परत येते. वाईट काय, तर खारं पाणी. खारं पाणी रडारची लहर पिऊन टाकतं, म्हणजे पाण्याच्या पातळीखालचं विसरा. म्हणून हे काम मे महिन्यात, पाणी खाली गेलेलं असताना करायचं. वाडीत पाट काढलेले, शिंपण्याने जमीन ठिकठिकाणी ओली, तिथे रडारऐवजी जमिनीचा विद्युत रोध मोजायचा. चार सळ्या रोवा, दोनांतून वीज सोडा, दोनांवर मोजा. ओल्या मातीतून वीज सहज जाते, दगडी भिंतीतून जात नाही. पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आसपास, हा फरक चांगला दिसतो. सळ्या पोफळींच्या मधून बरोबर जातात, गाडी जात नाही.

आणि तिसरं भावंड मॅग्नेटोमीटर. याबद्दल मला खास राग आहे, कारण ही गोष्ट आमच्या जिल्ह्याची आहे. कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजत होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी मोजमाप बिघडणार म्हणून १९०४ मध्ये ती वेधशाळा अलिबागला हलवली. इमारतीत लोखंड वापरलं नाही, दगडसुद्धा चुंबकत्व नसलेला आणला, पोरबंदरचा. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं अलिबागला बसून माणसं पृथ्वीच्या चुंबकाची नाडी बघतायत. सातखणी बुरूज तिथून १७-१८ किलोमीटरवर. ही वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय कुठे? नवीन पनवेलला. मी दर शनिवारी त्याच बाजूने येते.

मॅग्नेटोमीटरने जमिनीखालचं शोधताना मोठी कटकट अशी की पृथ्वीचं क्षेत्र दिवसभर हलत असतं. आपल्याकडे ते ४० हजार नॅनोटेस्लाच्या वर आणि पुरलेल्या चुलीचा किंवा खड्ड्याचा फरक काही वेळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. म्हणून दिवसाची हालचाल वजा करायला जवळ एक स्थिर नोंद लागते. जगात लोक त्यासाठी शेतात दुसरं यंत्र ठेवून बसतात. आपल्याकडे शतकभराची वेधशाळा शेजारच्या गावात! (बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय असतो आणि भिंतीतला प्रत्येक दगड आपल्या दिशेला तोंड करून बसलेला, त्यामुळे नकाशा तिखटमीठ टाकल्यासारखा दिसेल हे मला माहीत आहे. पण शांत रेतीत तिखटमिठाची सरळ रेघ दिसली तर ती भिंतच की.)

वरून बघायचं तर ड्रोन आहे, आणि त्याला आता सबबी उरलेल्या नाहीत. २०२१ च्या फेब्रुवारीत नकाशे बनवण्यावरची जुनी बंधनं बरीचशी उठली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रोनचे नवे नियम आले, २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, फक्त कुठला पट्टा हिरवा कुठला लाल ते बघून उडवायचं. २०२० पासून स्वामित्व योजनेत सरकार स्वतः गावठाणांवर ड्रोन उडवतंय, कुणाचं घर कुठवर ते ठरवायला. म्हणजे उघड्या पडवीतलं वाळवण दिसेल इतके बारीक फोटो सरकारदरबारी आहेत, पण ते बघताना कुणी पुरलेल्या भिंती शोधत नाही. आणि रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ड्रोन कमी आहेत असं अजिबात नाही हो! प्रत्येक रविवारी सातखणीभोवती चार तरी घिरट्या घालत असतात. नवरा-नवरी कमानीखाली हळू चालतात, ड्रोन वर जातो, गाणं लागतं. चर्चच्या पायाशी गवत कुठे आधी पिवळं पडलंय हे त्याच व्हिडिओत असतं. गवताखाली भिंत असली की मुळांना ओल कमी मिळते आणि तो पट्टा आधी वाळतो. क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज माणसाने १९२० च्या दशकात विमानातून हेच बघून शेतांखालची जुनी वस्ती दाखवली. २०१८ च्या जुलैत आयर्लंडमध्ये कडक उन्हाळा पडला आणि दोन हौशी माणसांना न्यूग्रेंजजवळच्या शेतात साध्या ड्रोनमधून हजारो वर्षांपूर्वीचं भलंमोठं वर्तुळ दिसलं. शनिवार-रविवारचा छंद होता त्यांचा! आपल्याकडे तेच ड्रोन, तेच उन्हाळे, आपण नवरीच्या घेरावर फोकस करतोय.

हां, हे यंत्र म्हणजे जादू नव्हे हेही सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी माझ्याच गळ्यात बांधेल. इंग्लंडमध्ये लेस्टरला ग्रेफ्रायर्स नावाचं हरवलेलं चर्च कार पार्कखाली होतं. २०११ मध्ये रडार फिरवलं, त्यात मुख्यतः अलीकडचे पाइप दिसले, चर्च दिसलं नाही. २०१२ मध्ये खणल्यावर चर्च निघालं आणि त्यात राजा तिसरा रिचर्ड निघाला. म्हणजे रडार "नाही" म्हणालं तरी असू शकतं. उलटही खरं. उन्नावजवळ दौंडियाखेड्याला २०१३ मध्ये एका साधूला हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यंत्रांना खाली काहीतरी अचुंबकीय असल्याची खूण मिळाली, झालं, देशभरचे कॅमेरे घेऊन पुरातत्त्व खातं खणायला उतरलं. निघाली मडकी आणि भिंती. यंत्राने सोनं म्हटलंच नव्हतं, खूण म्हटलं होतं. बाकीचं वाक्य माणसांनी पूर्ण केलं.

दुसरीकडे इटलीत फालेरी नोव्ही नावाचं आख्खं रोमन गाव २०२० मध्ये एक कुदळ न मारता कागदावर आलं. छोट्या चारचाकी मोटारमागे रडार जोडून सुमारे ३० हेक्टर, साडेबारा सेंटिमीटरला एक नोंद. देवळं, बाजार, स्नानगृह, पाण्याचे नळसुद्धा दिसले. डेटा निघाला २८ अब्ज बिंदूंचा आणि माणसांना तो वाचायला एका हेक्टरमागे साधारण २० तास लागले. आता मला सांगा, डेटा साफ करणं, आवाज वेगळा काढणं, नकाशावर बसवणं हे कुणाचं काम आहे? पुणे-हिंजवडी-ऐरोलीला या कामाची किती माणसं बसली आहेत? आपण दिवसभर कुणाच्यातरी शॉपिंग कार्टमधला आवाज साफ करतो.

आता मुख्य भांडण. मी ऑफिसात हे जेवताना बोलले तर एक जण म्हणाला, "फिरंग्यांच्या चर्चसाठी कशाला एवढं? त्यांनी आपली देवळं पाडली." त्याने पाडली हे खोटं नाही, इतिहासात आहे. पण यंत्र भिंतीचा धर्म विचारत नाही. रेवदंड्याच्या चर्चभोवती रडार फिरवलं तर निजामशाहीच्या वखारीही दिसतील, त्याखाली आणखी जुनं चौल असेल तेही दिसेल, आणि १७४० नंतरची मराठ्यांची डागडुजीही. चर्च नको म्हणून नकाशा नको म्हणणारा माणूस स्वतःचाच दोन हजार वर्षांचा इतिहास शोषखड्ड्यात घालतोय.

आणि ज्याला नकाशा हवा तो "चर्चखाली देऊळ काढूया" म्हणून हवा असेल तर त्यालाही माझा नमस्कार. आपल्या देशात जीपीआर हा शब्द लोकांना कळला तो अयोध्येमुळे. २००३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने रडार फिरलं, १८४ खुणा मिळाल्या, आणि अहवालानेच सांगितलं की या खुणा खणून पडताळाव्या लागतील. २०२३ मध्ये ज्ञानवापीला पुन्हा न्यायालयाच्याच आदेशाने. त्या खटल्यांत मी इथे पडत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे यंत्र आपल्याकडे बातमीत येतं ते वकिलाच्या मागून. भांडण आधी, यंत्र नंतर. मग लोकांना वाटतं रडार आलं म्हणजे कुणाचातरी सातबारा जाणार. ज्या यंत्राला "इथे काय आहे" एवढंच विचारायचं, त्याला आपण "इथे आधी कोण होतं" विचारतो, आणि ते बिचारं करड्या पट्ट्या दाखवतं.

म्हणून आत्याची भीती मला ऑफिसातल्या पोराच्या वादापेक्षा कितीतरी मोठी वाटते. संध्याकाळी ओटीवर तिला मी हे सगळं समजावलं, हातवारे करून. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तुझी गाडी माझ्या वाडीत फिरली आणि खाली भिंत निघाली, तर मला काय मिळणार? बोर्ड मिळेल. निळा बोर्ड. मग विहिरीचा कठडा दुरुस्त करायला पण दिल्लीला विचारा. भिंत गुपचूप फोडली म्हणून दोन खोल्या झाल्या, बाय."

हे खरं आहे. याच्यावर "वारसा जपला पाहिजे" असं म्हणणं सोपं आहे, मुंबईत फ्लॅट असलेल्याला तर फारच सोपं. आत्याचं आख्खं उत्पन्न त्या वाडीत आहे. आपण तिला सांगतो जप, आणि जपल्याची शिक्षा तिलाच. ज्याने फोडून पायरी केली त्याला काही नाही, ज्याने कळवलं त्याच्या जमिनीला कुलूप. मग कोण कळवेल? मीसुद्धा कळवलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही कळवलं. ती माझी आत्या आहे.

पण तिच्या बोलण्यातच उत्तर आहे असं मला वाटतं, आणि तिलाही ते मी म्हटलं. आज रेघ आंधळी आहे म्हणून ती सगळ्यांना सारखी छळते. आधी सर्वेक्षण झालं असतं तर तिच्या वाडीच्या कागदावर भिंत कुठे हे दिसलं असतं आणि, महत्त्वाचं म्हणजे, कुठे नाही हेही. शोषखड्डा बारा फूट डावीकडे गेला असता. तेवढंच! भिंत खाली राहिली असती, संडास वर झाला असता, दिल्लीला विचारायची गरज कुणालाच नव्हती. रडार "नाही" म्हणालं तरी चुकू शकतं हे मान्य, मग बारा फुटांवर खणताना तालुक्याचा एखादा शिकलेला माणूस अर्धा दिवस उभा राहू दे. केबलवाला उभा राहतोच ना? फक्त यासाठी कायद्याला एक गोष्ट शिकावी लागेल: जो आपणहून सर्वेक्षण करू देतो त्याला परवानगी लवकर, आणि शोषखड्डा सरकवायचा खर्च सरकारचा. गॅसची पाइपलाइन शेतातून गेली तर शेतकऱ्याला भरपाई मिळते. चारशे वर्षांच्या भिंतीला पाइपाएवढी तरी किंमत द्या.

आत्या म्हणाली, "बारा फूट डावीकडे माझी हापूसची कलमं आहेत." बरं, उजवीकडे.

रविवारी रात्री गडबला परत येऊन मी एक उद्योग केला. १६३५ च्या बोकारोच्या ग्रंथात पोर्तुगीजांच्या किल्ल्यांचे नकाशे आहेत, त्यात चौलचाही आहे. तो क्यूजीआयएसमध्ये टाकला आणि आजच्या उपग्रह चित्रावर बसवायचा प्रयत्न केला. तट बसला की चर्च समुद्रात जातं, चर्च बसलं की तट भाताच्या खाचरात. चित्र काढणाऱ्याने चर्च मोठी आणि घरं लहान काढलीत, त्याला महत्त्वाचं तेच वाटत होतं. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल-वसईवर पुस्तक लिहिलं, त्यातली वर्णनं धरून दोन-तीन बिंदू पक्के करता आले. आत्याची भिंत त्या हिशोबाने एका गल्लीच्या कडेला येते, चर्चच्या मागच्या बाजूला. कदाचित घर, कदाचित मठाचं कुंपण. खात्री करायची तर पंचवीस फूट सरळ रेघेत सळ्या रोवून बघायला पाहिजे.

विद्युत रोध मोजायचं साधं यंत्र घरी जुळवता येतं, शेवटी चार सळ्या, बॅटरी आणि एक बऱ्यापैकी मीटरच तर आहे. सळ्या वडखळच्या फॅब्रिकेटरकडे सांगितल्यात, फूटभर लांब, स्टेनलेस. तो विचारत होता कबाबासाठी का. दिवाळीत आत्याकडे जातेय. तिने परवानगी दिलीय, अटी दोन: कलमांना हात लावायचा नाही, आणि नकाशावर तिचं नाव घालायचं नाही. तुळशीच्या कठड्याचे निळे तुकडे तेवढे मी मोजपट्टी ठेवून फोटो काढून आणलेत, अकरा आहेत. बारावा मांजराने पाडला.